खबर, तहकीक आणि झांझिबारचा फर्रुख

'खबर' हा शब्द आपल्या बोलीत इतका मुरला आहे की तो अरबीतून आला याची कुणाला आठवणही होत नाही. त्याचे अनेकवचन 'अखबार'. उर्दूत वर्तमानपत्राला आपण जो शब्द वापरतो त्याचा मूळ अर्थ 'खबरा' एवढाच आहे. पण आपल्या पूर्वसूरींनी खबर नुसती ऐकून सोडून दिली नाही. हदीस गोळा करताना ती कुणी सांगितली, त्याने कुणाकडून ऐकली, सांगणारा सच्चा होता काय, त्याची आणि त्याच्या उस्तादाची गाठ पडणे शक्य होते काय, हे सारे त्यांनी तपासले. या साखळीला इस्नाद म्हणतात. रावींची चरित्रे तपासण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच त्यातून उभे राहिले.

कुरआनातील सूरह हुजुरातमध्ये खबरेच्या संदर्भात दोन हुकूम आहेत. सहावी आयत सांगते की बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी तहकीक करा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान कराल. बारावी आयत बदगुमानीपासून दूर राहायला सांगते आणि तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हुंगत फिरणे, व गीबत यांना मनाई करते. एक हुकूम शोध घ्यायला सांगतो, दुसरा शोध कुठे थांबवायचा ते सांगतो. आवडत्या गायकाची, नटाची, क्रिकेटपटूची ताजी खबर काय, याच्या मागे आज आपली सारी तरुण पिढी आहे. तिला या दोन हुकमांची आठवण कोण करून देणार?

या प्रश्नाचा विचार आम्ही एका रॉक गायकाच्या निमित्ताने करणार आहोत. वाचकांना नवल वाटेल. मराठी मुसलमान लेखकांच्या वार्षिकात या विलायती गायकाचे काय काम? परंतु ज्याला जग फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते तो माणूस आपल्या रायगडच्या किनाऱ्यापासून वाटतो तितका दूरचा नाही. त्याचे मूळ नाव फर्रुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. शिक्षण पाचगणी. मृत्यू २४ नोव्हेंबर १९९१, लंडन.

नावाचा घोटाळा

२०१८ साली त्याच्या जीवनावरचा 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हा चित्रपट आला आणि मोबाइलवरून तो आमच्या शाळेतल्या मुलांपर्यंतही पोहोचला. उर्दू माध्यमात शिकणारी ही मुले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा, "सर, तो मुसलमान होता का?" प्रश्न आपोआप आलेला नव्हता, मुलांकडे तीन दलिली होत्या. एक, त्याचे नाव 'फारूक' होते. दोन, त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात 'बिस्मिल्ला' हा शब्द येतो. तीन, त्याच्या एका गाण्याचे नावच 'मुस्तफा' आहे.

तिन्ही दलिली तपासून पाहण्यासारख्या आहेत. त्याचे नाव फारूक नव्हे, फर्रुख. फारूक हा अरबी शब्द, हक आणि बातिल यांत फरक करणारा, हजरत उमर (रजि.) यांचा लकब. फर्रुख हा फारसी शब्द, अर्थ शुभ, भाग्यवान. फर्रुखसियर बादशाह आणि फर्रुखाबाद शहर यांच्या नावात तोच शब्द आहे. रोमन लिपीत दोन्ही नावे जवळजवळ सारखी दिसतात आणि आपल्या कोकणी कानांना सारखीच ऐकू येतात. उर्दू लिपीत मात्र एकाच्या शेवटी 'खे' आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी 'काफ', घोटाळ्याला जागाच नाही. फर्रुखचे घराणे पारशी, जरथुष्ट्राचे अनुयायी. बलसारा हे आडनाव गुजरातेतल्या बलसार, म्हणजे आजच्या वलसाड, गावावरून आले. आपण मोर्ब्याचे मोर्बेकर होतो, तसाच हा प्रकार.

'बिस्मिल्ला' हा शब्द १९७५ च्या त्या गाण्यात येतो हे खरे. पण त्याच भागात गॅलिलिओचे नावही येते. म्हणून कुणी त्याला ज्योतिर्विद ठरवत नाही. 'मुस्तफा' हे गाणे १९७८ च्या 'जॅझ' या अल्बमच्या आरंभी आहे. त्यात अरबी-फारसी वळणाचे काही खरे आणि काही बनावट शब्द एकत्र केलेले आहेत. अजान, अरबी बोल, स्वाहिलीतल्या हाका ज्याच्या लहानपणी रोज कानावर पडल्या, त्याच्या गाण्यात असे शब्द आले तर आश्चर्य नाही. त्यावरून श्रद्धा ठरत नाही, फार तर त्याचा शेजार कळतो.

समुद्रापलीकडचा शेजार

हा शेजार आपल्या ओळखीचा आहे. मुरूडच्या आसपासच्या मुलखाला आपले लोक आजही हबसाण म्हणतात. हबश्यांचा मुलूख तो हबसाण. जंजिऱ्याचे सिद्दी नवाब मूळचे आफ्रिकेतून आलेले, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत या किनाऱ्यावर त्यांचा अंमल होता. जुन्या काळी हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून इकडची गलबते आफ्रिकेकडे जात आणि नैऋत्येचा वारा सुरू झाला की परत फिरत. आपण कोकणी मुसलमान शाफई, आणि झांझिबारचे बहुसंख्य मुसलमानही शाफई. हिंदुस्थानातले बहुतेक मुसलमान हनफी असताना या किनाऱ्यावर शाफई मजहब रुजला, तो याच समुद्राच्या वाटेने. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जी वस्ती आहे, तिच्यातील अनेक घराण्यांची मुळे मोर्बा आणि हबसाणातल्या गावांत आहेत. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंगही एकेकाळी झांझिबारहून येत असे. १९३७-३८ मध्ये तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना जाचक कायदे लागू झाले, तेव्हा त्यांच्या बाजूने हिंदुस्थानात झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला गेला होता.

झांझिबारवर ओमानी वंशाच्या सुलतानांची गादी होती आणि १८९० पासून इंग्रजांचे संरक्षण. फर्रुखचे वडील बोमी बलसारा तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. पगार बरा आणि घर बंदराजवळच्या स्टोन टाऊनमध्ये. मुलाला चांगली इंग्रजी शाळा हवी म्हणून आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला बोटीने हिंदुस्थानात धाडण्यात आले. त्या काळी मुंबई आणि पूर्व आफ्रिका यांच्यामध्ये 'कंपाला' आणि आपल्या उरणच्या करंजा बंदराशी नाव जुळणारी 'करंजा' अशा आगबोटी नियमित फिरत. आपल्या कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी या बोटींची नावे असत.

पाचगणीचा फ्रेडी

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि तिथून पुढे पाचगणी, ही वाट रायगडकरांच्या पायाखालची आहे. अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेमुळे पाचगणीचे नाव मुसलमान घरांनाही ठाऊक आहे. तिथेच विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेली सेंट पीटर्स ही वसतिशाळा आहे. १९५५ च्या सुमारास फर्रुख तिथे दाखल झाला. आईबाप समुद्रापलीकडे, त्यामुळे सुट्ट्या कधी शाळेत तर कधी मुंबईतल्या नातेवाइकांकडे जात. शिक्षकांना आणि मित्रांना 'फर्रुख' उच्चारायला अवघड वाटे, म्हणून तो 'फ्रेडी' झाला. वसतिशाळेत असे होतेच. आमच्या हजेरीपटावरच्या अब्दुर्रहमानचा हायस्कूलला गेल्यावर 'रेहमान' आणि कंपनीत लागल्यावर 'रे' कसा होतो, हे आम्ही पाहतच असतो.

तिथे तो पियानो शिकला. १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या वेळी गाजणारी गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमात वाजवीत. फ्रेडी पियानोवर असे. या पाचांतला एक, व्हिक्टरी राणा, पुढे नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर चढला आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. तेव्हा त्या पोरांच्या गाण्याची खबर शाळेच्या फाटकाबाहेर फारशी गेली नसावी. आज त्याच गोष्टीसाठी जगभरचे चाहते पाचगणीचा पत्ता विचारीत येतात.

शाळा सोडून तो झांझिबारला परतला. १० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले आणि अवघ्या महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, तिथे क्रांती झाली. सुलतान परागंदा झाला. अरब आणि हिंदी वंशाच्या माणसांची कत्तल झाली, दुकाने लुटली गेली आणि हजारो कुटुंबे हाताला लागेल ते घेऊन निघाली. बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये जाऊन राहिले. फर्रुख त्या वेळी सतरा वर्षांचा होता.

दडवलेली खबर

लंडनमध्ये त्याने विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले, ईलिंगच्या कलाशाळेत शिकला, बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये 'क्वीन' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याच सुमारास बलसाराचा 'मर्क्युरी' झाला. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि रोमन पुराणात देवांचा निरोप्या, म्हणजे खबर नेणारा. ज्याच्या नावाचा अर्थच खबर नेणारा, त्याने स्वतःची खबर मात्र आयुष्यभर राखून ठेवली. मुलाखतींत तो झांझिबार, पाचगणी, पारशीपण यांविषयी फारच थोडे बोलला. त्या काळात इंग्लंडमध्ये सावळ्या रंगाच्या, आशियाई नावाच्या माणसाला रस्त्यावर काय ऐकावे लागे हे आपल्या तिथे गेलेल्या नातेवाइकांकडून आपण ऐकले आहे. त्याने नाव का बदलले याचे निदान करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नाव सांगून भाड्याने घर मागण्याचा अनुभव ज्यांनी मुंबई-पुण्यात घेतला आहे, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

१३ जुलै १९८५ रोजी वेंब्लीच्या मैदानात इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी मोठा कार्यक्रम झाला. 'क्वीन'ने तिथे जेमतेम वीस-बावीस मिनिटे गायिले आणि तो दिवस रॉक संगीताच्या इतिहासात त्यांच्या नावावर लागला. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर खबरांचा दुसरा अध्याय सुरू झाला.

ऑक्टोबर १९८६ मध्ये इंग्रजी वृत्तपत्रांनी छापले की त्याने एचआयव्हीची तपासणी करून घेतली आहे. प्रत्यक्षात निदान झाले ते १९८७ मध्ये. पुढची साडेचार वर्षे त्याच्या लंडनमधल्या घराच्या फाटकाशी छायाचित्रकार ठाण मांडून होते. गाल बसले की एक मथळा, चेहऱ्यावर डाग दिसला की दुसरा. तो नाकारीत राहिला आणि गात राहिला. चाहते तर रोज नव्या खबरेची वाट पाहत होते. प्रेमानेच पाहत होते, पण त्यांच्या त्या वाट पाहण्यावरच तो धंदा चालला होता, हे विसरता येत नाही. शेवटी २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निवेदन प्रसिद्ध झाले. आपल्याला एड्स आहे, आजवर हे खाजगी ठेवले ते आपल्या माणसांच्या आयुष्यात ढवळाढवळ होऊ नये म्हणून, आणि आता सर्वांनी या रोगाविरुद्ध लढावे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय पंचेचाळीस.

२७ नोव्हेंबरला पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या आणि लंडनमध्येच त्याच्यावर अग्निसंस्कार झाला. ज्या ओळखीबद्दल तो जन्मभर थोडेच बोलला, ती अखेरच्या दिवशी त्याच्याजवळ होती. त्याची रक्षा कुठे ठेवली हे आजतागायत जाहीर झालेले नाही. २० एप्रिल १९९२ रोजी वेंब्लीला त्याच्या स्मरणार्थ सुमारे बहात्तर हजार माणसे जमली आणि त्यातूनच एड्सविरुद्ध काम करणारा एक न्यास उभा राहिला.

मेल्यानंतरच्या खबरा

माणूस गेला म्हणून खबरा थांबत नाहीत, उलट आता खुलासा करायलाही कुणी उरत नाही. फर्रुखच्या बाबतीत हे अनेकदा घडले.

ऑगस्ट २००४ मध्ये इराणात 'क्वीन'च्या निवडक गाण्यांची कॅसेट सरकारी परवानगीने विक्रीला आली. चोरून विकल्या जाणाऱ्या कॅसेटी त्याआधीही घरोघर होत्याच, पण अशी परवानगी मिळालेला हा पहिला रॉक वाद्यवृंद, अशा बातम्या तेव्हा आल्या. सोबत गाण्यांचा अर्थ सांगणारी पुस्तिका होती. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हे गाणे, खून करून बसलेला आणि सैतानाला आत्मा विकलेला एक तरुण शेवटी अल्लाहचे नाव घेऊन आत्मा परत मिळवतो त्याची कथा, असे त्यात समजावलेले होते. पारशी घराणे मूळचे इराणातले, म्हणून तिथल्या तरुणांना तो आपला वाटत होता.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००६ मध्ये, झांझिबारमध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त समुद्रकिनारी जलसा ठरला. उमशो या तिथल्या मुसलमानांच्या संघटनेने विरोध केला. त्याची राहणी इस्लामला मंजूर नाही, त्याला झांझिबारशी जोडू नका, असे तिचे म्हणणे होते. जलसा रद्द झाला. तेच नाव, तीच गाणी. एका मुस्लिम देशात त्याला 'बिस्मिल्ला'चा दाखला मिळाला आणि दुसऱ्या मुस्लिम मुलखात मनाई. दोन्ही ठिकाणी तो मुसलमान नव्हताच, ही साधी खबर मात्र मागे पडली. पुढे काळ पालटला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच स्टोन टाऊनमध्ये त्याचे संग्रहालय उघडले, आणि आता पर्यटक तिकीट काढून ते पाहतात.

२०१८ च्या चित्रपटाचेही तसेच. त्यात तो वेंब्लीच्या कार्यक्रमाआधीच सोबत्यांना आपला आजार सांगतो. दृश्य परिणामकारक आहे, पण कार्यक्रम १९८५ चा आणि निदान १९८७ चे. वाद्यवृंद फुटला होता आणि त्या दिवसासाठी पुन्हा जुळला, असेही चित्रपट दाखवतो. खरे तर १९८४ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला होता आणि १९८५ च्या मे महिन्यापर्यंत त्यांचा दौरा चालू होता. चित्रपटकर्त्याला इतकी मोकळीक असते, आम्ही त्याला दोष देत नाही. पण आमच्या विद्यार्थ्यांना आज या माणसाविषयी जे ठाऊक आहे ते सारे त्या चित्रपटातून आलेले आहे. रावी कोण, हे त्यांनी विचारलेले नाही.

२०२५ मध्ये एका चरित्रग्रंथाने त्याला एक गुप्त मुलगी असल्याचा दावा केला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले. त्याच्या निकटच्या व्यक्तीने अशा काही गोष्टीची आपल्याला माहिती नसल्याचे सांगितले, ते मात्र बातमीच्या तळाशी गेले. खरे काय ते अल्लाह जाणे. आपल्यापुरता प्रश्न निराळा आहे. ही खबर खरी ठरली काय आणि खोटी ठरली काय, ती जाणून घेण्याचा आपला हक्क कुठून आला?

आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट

कुणी म्हणेल, गायनवादनाविषयी शरीअतचा हुकूम काय, त्याच्या राहणीविषयी काय, ते आधी सांगा. ते सांगायला उलेमा समर्थ आहेत आणि त्यांचे म्हणणे वाचकांना माहीत आहे. आमचा विषय खबर ऐकणाऱ्याच्या जबाबदारीचा आहे. ती जबाबदारी खबर कुणाची आहे यावर अवलंबून नाही. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुस करू नका असे सांगितले आहे. ज्याची राहणी तुम्हाला पसंत नाही त्याचे करा, अशी सवलत तिथे दिलेली नाही.

आणि हा प्रश्न लंडनचा नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तळा या तालुक्यांत असे मोहल्ले आहेत जिथे घराआड एक माणूस आखातात आहे. तिकडे जाण्याआधी प्रत्येकाला 'मेडिकल' द्यावे लागते आणि त्यात एचआयव्हीची तपासणी असते. क्षयाचा जुना डाग, कावीळ, कशानेही मुलगा 'अनफिट' होऊ शकतो. पण एखादा मुंबईहून मेडिकल देऊन परत आला आणि गेला नाही, की मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते. कारण कुणी विचारत नाही, अंदाज मात्र सगळे बांधतात. ठरलेले लग्न मोडते. बहिणींची स्थळे थांबतात. तहकीक न केलेल्या खबरेने अजाणता नुकसान होते म्हणतात ते हेच. आणि समजा, अंदाज खरा निघाला, तरी तो चौकात बोलण्याचा हक्क कुणाला मिळाला? २०१७ साली आपल्या देशात एचआयव्ही-एड्सविषयी कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्या आजाराची माहिती उघड करायला त्याने बंदी केली आहे. जे आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी सांगितले गेले होते, ते सांगायला कायदा करावा लागला.

दुसरी बाजूही आहे. आपल्या समाजाची खबर गेली कित्येक वर्षे दुसरेच कुणी लिहीत आले आहेत. कुठे काही घडले की नाव पाहून निष्कर्ष काढला जातो, फोटो एका गावचा आणि मजकूर दुसऱ्या गावचा असतो, आणि खुलासा तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर येतो. आपण त्याबद्दल तक्रार करतो आणि ती रास्त आहे. पण 'फर्रुख'चा 'फारूक' करून त्याला आपल्यात ओढताना, किंवा पडताळा न घेता आलेला मजकूर मोबाइलवरून चाळीस जणांना पाठवताना, आपणही तेच करीत असतो. न्याय मागणाऱ्याने तो आधी आपल्या हाताने द्यावा लागतो.

आम्ही वर्गात मुलांना फर्रुख बलसाराची गोष्ट सांगतो ती याचसाठी. आवडत्या गायकाची खबर ऐकू नका, असे सांगून मुले ऐकणार नाहीत, आणि सांगण्याची गरजही नाही. कुतूहल अल्लाहनेच दिलेले आहे. कोण सांगतो आहे, त्याला ते कसे कळले, आणि ते जाणून घेणे आपले काम आहे काय, एवढे तीन प्रश्न मुलांनी फळ्यावरून वहीत उतरवून घेतले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ती चटकन शोधतात. सालांची जुळणी करून चित्रपटातली चूक त्यांनी स्वतःच दाखवली. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र वर्ग थबकतो. तिथे कुणी मोठे माणूस त्यांच्यासोबत थांबायला हवे, आणि त्यासाठी मोहल्ल्याच्या नाक्यावर बसणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनी आधी स्वतःला तो प्रश्न विचारलेला असावा लागेल.